शिंदखेड्याच्या गादीतला चार बोटांचा खड्डा

॥ श्री ॥

धुळे,
पोळ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप सुपडू नाना,

तुमच्या पायांवर भाचा नवल याचं डोकं (ते रिकामं आहे असं तुम्ही म्हणता, तरी ठेवतो).

इकडे मी खुशाल. तिकडे तुम्ही, मामी, केळीची बाग आणि नवी बैलजोडी सगळे मजेत असाल. पोळ्याला पुरणपोळी खायला येणार होतो, पण दुकान सुटलं नाही. नाना, तुमची कंबर कशी आहे? हे मी पत्राची रीत म्हणून विचारत नाहीये. सकाळी उठताना तुम्हाला सरळ उठता येतं का, की आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, मग उठावं लागतं? आखाजीच्या सणाला मी तुमच्या गादीवर टाकून गेलो तो फोमचा टॉपर अजून तसाच आहे ना? तुम्ही यावलच्या स्टँडवर ओळखीच्या माणसांना थांबवून त्याचं कौतुक करता असं मामी म्हणाली, म्हणून विचारलं. (विचारण्याचं खरं कारण शेवटी लिहितो. हिंमत राहिली तर.) हे फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता, दुसऱ्याला ओरडता आणि तिसऱ्याच्या आत फोन ठेवता. पत्र मात्र ओट्यावर बसून दोनदा वाचता. फाडायला गेलात तर मामी फाडू देणार नाही, तेवढा भरवसा धरून लिहायला घेतलंय.

मी गादीच्या दुकानात लागलो हे दादांनी तुम्हाला सांगितलंच असेल. पोटच्या पोराशी ते बोलत नाहीत, पोराबद्दल मात्र सगळ्यांशी बोलतात. दुकान हसीबभाईंचं. त्यांचे आजोबा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या अंगणात बसून गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. हसीबभाई आता फोमच्या गाद्या विकतात, पण स्वतः दुकानात कापसाच्या गादीवर बसतात. गिऱ्हाईकानं कारण विचारलं तर म्हणतात, माझी सवय जुनी आहे, तुमची कशाला बिघडवू. त्यांचा आवाज कधी चढत नाही. अशा माणसाकडे मी पाच महिने टिकलोय, यावरून काय ते ओळखा.

कॉलेजचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. प्रयोगाच्या वहीवरून सरांशी वाजलं, एवढं मी सांगितलं होतं. कोणाच्या वहीवरून, ते नव्हतं सांगितलं. शिंदखेड्याची मेघा म्हणून मुलगी आहे, रोज रेल्वेनं अमळनेरला यायची, प्रयोगाला माझ्याच टेबलावर असायची. सर एक दिवस सगळ्यांदेखत तिला म्हणाले की तू आकडे नवलच्या वहीतून उतरवलेस. नाना, कोणी काही उतरवावं असं दोन वर्षांत माझ्या वहीत काही नव्हतं. आकडे मीच तिच्या वहीतून घेतले होते (चुका तेवढ्या माझ्या स्वतःच्या). मी उठून खरं ते सांगून टाकलं. पण सांगता सांगता आपली वही फाडली, टेबलावर हात आपटला, काचेची एक नळी फुटली, आणि सांभाळा तुमचं कॉलेज म्हणून मी बाहेर पडलो. मी खरं बोललो हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. नळी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पुढे दीड महिना मी तुमच्याकडे यावलला सुट्टी आहे म्हणून राहिलो, ती ही सुट्टी. प्रवेशाच्या वेळी दादा पेरणीत होते म्हणून फॉर्मवर पालकाची सही तुमची आणि पत्ताही तुमचा. त्यामुळे माझं नाव कमी झाल्याचं कळल्यावर तुम्हीच तडक अमळनेरला गेलात आणि कॉलेजच्या कारकुनाला खिडकीतून झाडलंत, की एक पत्र टाकायला तुझे हात मोडले होते का. तो बिचारा तीन टाकली, तीन टाकली म्हणत राहिला. मी तुमच्या पाठीमागे उभा होतो. माझ्या अंगातला राग कोणत्या घरातून आलाय, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

तर आषाढात एक दिवस मेघा दुकानात आली. माझ्या हातात मोजायची टेप होती, ती पुढचा अर्धा तास हातातच राहिली. तिचे वडील प्रेमराज आबा तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेत. त्यांची फोमची गादी मधोमध खचली आहे, कंबर धरते, सकाळी भिंतीला हात लावल्याशिवाय उठवत नाही. तर तिचं विचारणं असं, की वरून टॉपर टाकला तर भागेल का, की गादीच बदलावी लागेल? (टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा दोन इंची फोमचा थर, तुम्हाला माहीतच आहे.) तिनं टॉपरनं तापीला पूर येईल का असं विचारलं असतं, तरी मी हो म्हणालो असतो. हसीबभाई खोकले. गादी न बघता हो म्हणणारा दुकानदार आणि नाडी न बघता पुडी देणारा वैद्य, दोघांना एकाच तराजूत घाला, असं काहीसं ते हिशेबाच्या वहीत तोंड घालून पुटपुटले. मेघा मला दुकानाच्या पायरीवर घेऊन गेली. तिथे ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते पाठ आहे.

"नवल, तू खरं बोलतोस, पण आदळआपट करून बोलतोस. आणि धरलेलं एकही काम शेवटाला नेत नाहीस. आबांच्या गादीचं एवढं एक शांतपणे तडीस ने. मग मी घरी तुझं नाव काढते."

आता सांगा नाना, गादीवर कोणाचं काय अवलंबून असतं? झोप. माझं सगळं अवलंबून होतं.

पुढच्या रविवारी टॉपर गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि शिंदखेड्याच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, याचं लगेज काढावं लागेल. मी म्हणालो, ही गादी नाही, टॉपर आहे. तो म्हणाला, माणूस झोपतो ना त्याच्यावर? मी शांत राहिलो (हे लिहून ठेवतोय, कारण पुढे असे प्रसंग कमी आहेत). नरडाण्याच्या अलीकडे गाडीनं खड्डा घेतला आणि सुतळी तुटली. फोम मोठा गुणी पदार्थ आहे, सुटला की एकदम आपल्या मूळ आकारावर येतो. तीन बाकं भरली. एक झुंबरबाई नावाच्या आजी (गाव विचारलं तर सांगेनात, नाव मात्र तीनदा सांगितलं) त्याच्यावर मांडी घालून बसल्या आणि शिंदखेडा येईपर्यंत उठल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, गादी चांगली शे रे बाबा. एवढा शकुन पुरे, असं समजून मी आबांच्या दारात गेलो.

गादी बघितली. खड्डा एवढा, की मांजर त्यात झोपलं तर दारातून दिसलं नसतं. आबा रात्री कुठेही झोपले तरी पहाटे तिथेच गोळा होतात. पण तोंडातून शब्द निघायच्या आत मेघाची आई, म्हणजे काकू, सांगू लागल्या की हा दिवाण आणि ही गादी घरभरणीला त्यांच्या तिघा भावांनी मिळून पाठवली, सात वर्षं झाली, अजून कागद निघालेला नाही. कागद म्हणजे गादीवरचं प्लॅस्टिक. ते खरंच निघालेलं नव्हतं. वर चादर, खाली प्लॅस्टिक, आणि उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्रीत आबा त्याच्यावर चरचर आवाज करत कुशी बदलणार. काकू स्वतः फरशीवर गोधडी टाकून झोपतात आणि त्यांची कंबर ठणठणीत आहे. हे मी बोललो नाही. टॉपरचं प्लॅस्टिक काढायला गेलो, तर काकू म्हणाल्या, नवीन आहे, मळेल, राहू दे. मेघा बघत होती. मी म्हणालो, राहू द्या.

आबा आडवे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, बरं वाटतंय. मी मेघाकडे बघितलं. तेवढ्यात आबांनी कूस बदलली. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक होतं नाना, टॉपर आबांना घेऊन निघाला. ते पडले असं म्हणता येणार नाही. घाट उतरणाऱ्या गाडीसारखे सावकाश, डोळे मिटलेलेच, ते फरशीवर पोहोचले. खाली टेकल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि ब्रेकवर दाबून धरल्यासारखा ताठ केलेला उजवा पाय हळूच सोडला.

तिथे मी हसायला हवं होतं. आबासुद्धा कदाचित हसले असते. पण काकू म्हणाल्या की इतकी वर्षं या गादीवरून कोणी पडलं नव्हतं, हे नवीनच काहीतरी आणलंय. माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, माझ्या टॉपरला नावं ठेवू नका, ही गादी कधीच मेली आहे, हिचा दहावा घाला. चहा माझ्या हातात होता, दोन घोट झाले होते. काकूंनी कप काढून घेतला नाही, फक्त समोरची बशी उचलून आत नेली. बशी गेल्यावर पाहुण्यानं काय समजायचं ते समजावं. मेघा फाटकापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "नळी फुटली, नवल."

त्यानंतर नऊ दिवस तिनं माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. दुकानात मी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागलो. एकाला तर म्हणालो, जमिनीवर झोपा, फुकट आहे. तेव्हा हसीबभाईंनी मला समोर बसवलं. म्हणाले, माझे आजोबा पन्नास वर्षं गाद्या उसवत फिरले, पण कधी कोणाच्या गादीला वाईट म्हणाले नाहीत, कारण प्रत्येक गादी कोणाच्या तरी माहेरची असते. आधी कापूस हातात घ्यायचे, मग मोजायचे, मग बोलायचे. मग त्यांनी मला गवंडी वापरतात तसलं सूत दिलं. दोन माणसांनी गादीच्या दोन काठांवर ते ताणून धरायचं आणि मध्ये सुताखाली बोटं आडवी घालून खड्डा मोजायचा. एक बोट बसलं तर टॉपर कामाचा. दोन बसली तर विचार कर. चार बसली तर टॉपर टाकणं म्हणजे विहिरीवर सतरंजी अंथरणं, माणूस सतरंजीसकट आत जाणार. आणि गादी जिथे आहे तिथे मोजून थांबू नको, उचलून फरशीवर ठेव आणि पुन्हा मोज, खड्डा गादीचा आहे की गादीखालच्याचा ते कळू दे. त्यांच्या घरच्या अनवरी भाभींनी टॉपरला जाड सुती कापडाची खोळ शिवून दिली, चार कोपऱ्यांना चार नाड्या, दिवाणाच्या पायांना बांधायला. नाड्यांचे टाके मी घातले. (वाकडे आहेत, पण सगळे घातले.)

मेघाला मी शेवटचा मेसेज टाकला की मोजायला येऊ का, विकायला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ये.

गेलो. आधी काकूंची माफी मागितली. त्या बरं म्हणाल्या, पण चहाचं नाव नाही. सुताचं एक टोक आबांनी धरलं, एक मेघानं. मी बोटं घातली. चार. करंगळी जरा सैल होती, पण चार. काकू दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता हा काय बोलतो म्हणून. मी बोटं काढून घेतली. म्हणालो, आबा, जरा उचलू या.

नाना, गादी उचलली. गादीखाली एक अख्खा संसार होता. लग्नपत्रिका (ज्यांच्या होत्या त्यांची पोरं आता शाळेत जातात), लाइटबिलं, चौकोनी घड्या घातलेल्या कॅरीबॅगा, चार कॅलेंडरं, इस्त्री राहावी म्हणून घडी करून ठेवलेल्या साड्या, आहेरातले ब्लाउजपीस, आबांच्या निरोपसमारंभातल्या शालीचा खोका चपटा करून. सात वर्षं हे सगळं दोन्ही काठांनी आत सरकत गेलं, कारण मध्ये आबा झोपलेले असायचे. दोन बाजूंना दोन डोंगर झाले आणि मधली दरी आपोआप झाली. आम्ही गादी फरशीवर ठेवली, डोक्याची बाजू पायाकडे केली आणि सूत ताणलं. एक बोट बसलं, तेही नेट लावून. मी काकूंना म्हणालो की तुमच्या भावांची गादी चांगली आहे, अजून चार-पाच वर्षं कुठे जात नाही. बाकी कागदांबद्दल बोललो नाही. काकू आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. बशीसकट.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आबांच्या उशीकडच्या काठाखाली अजून एक गठ्ठा राहिला होता, दोन बोटं जाडीचा. मी उचलला, वरचा कागद सरकला आणि एक फोटो दिसला. हाताची घडी, मागे गाडी, गाडी बहुतेक दुसऱ्याची. नाना, ते बायोडाटे होते. मेघासाठी आलेले. एकतीस. इंजिनियर, नाशिकला फ्लॅट, पुण्याला कंपनी, एकुलता एक, निर्व्यसनी. एकानं तर आवड म्हणून शांत स्वभाव लिहिलं होतं. माझे कान तापले. ते एकतीस जण खिडकीतून बाहेर फेकावेत असं मनात आलं, आणि खिडकी अगदी जवळ होती. मेघाच्या हातात अजून सुताचं टोक होतं. मी गठ्ठा फरशीवर उभा आपटून कडा सारख्या केल्या (एवढीच आदळआपट), त्याला रबर लावलं आणि दोन्ही हातांनी आबांकडे दिला. नळी अख्खी राहिली.

आबांनी एका हातात गठ्ठा तोलला, दुसरा आपल्या कंबरेवर ठेवला. मग म्हणाले, "भो, यासनामुळेच मनी कंबर गई." मग माझा कागद शोधल्यासारखी गठ्ठ्याची कड अंगठ्यानं चाळली. "यामा तुना कागद नही दिसना."

त्यावर मी काय म्हणालो आणि ते काय म्हणाले ते खाली लिहितो, इथे कागदाची जागा संपत आली.

त्यानंतर टॉपर खोळीत घातला, प्लॅस्टिक काकूंनी स्वतः काढलं (घडी करून ठेवलंय, पण कपाटात), नाड्या दिवाणाला बांधल्या. आबा झोपले, कूस बदलली, जागेवरच राहिले. आठ दिवसांनी मेघाचा फोन आला की आबा भिंतीला हात न लावता उठतात. काकूंनी तिघा भावांना फोन करून कळवलं की गादी चांगली आहे, एका पोरानं मोजून सांगितलं. पोराचं नाव सांगितलं नाही, पण पोरानं म्हणाल्या, माणसानं नाही म्हणाल्या, याचा मला आनंद आहे. सगळे म्हणतात की नवलमध्ये चार बोटांचा खड्डा आहे. मला वाटतं, मीही कधी काळी खाली सरकवून ठेवलंय ते बाहेर काढलं, तर एकच बोट निघेल.

मामीला नमस्कार. बैलांच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा.

तुमचा भाचा,
नवल

ता. क. १ : आबांना मी म्हणालो, माझं कॉलेज मध्येच सुटलंय, कागदावर काय लिहू? तर ते म्हणाले, "कागद नको. घरनं मोठं मानूस लई ये." दादा बोलत नाहीत. घेऊन जायला मोठं माणूस तुम्हीच. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी याल का? पितर लागले की पुढे पंधरा दिवस कोणी हा विषय काढू देणार नाही. भुसावळहून रेल्वे थेट शिंदखेड्याला येते, मी स्टेशनवर असेन. पांढरं धोतर नेसा आणि कृपा करून पहिला अर्धा तास कोणावर ओरडू नका. नंतर मी तुमच्याकडे बघून डोळा मारेन, मग थोडं चालेल.

ता. क. २ : आबांनी विचारलंच तर सांगा की नवलनं बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरलाय. हे खोटं नाही, काल भरला. पालकाची सही राहिली आहे. पेन आणतो.

ता. क. ३ : आता ते कारण. आखाजीला तुमच्या गादीवर मी टॉपर टाकला तो सूत न लावता, गादी न उचलता टाकला. तुमची गादीही चार बोटांची असणार, टॉपर वाया गेला असणार, आणि तरी तुम्ही माझी लाज राखायला स्टँडवर कौतुक करत असणार, हे मला आता कळलंय. गादी न उचलण्याचं कारण मात्र वेगळं होतं. मी दीड महिना तुमच्याकडे होतो, तेव्हा पोस्टमन तीनदा आला होता. तो कारकून खरं बोलत होता नाना. कॉलेजची तिन्ही पाकिटं मीच तुमच्या उशीकडच्या काठाखाली सरकवली. रात्री थांबून सोमवारी परत जाताना आपण दोघं अमळनेरला उतरू, त्याची माफी मागायला. मी पुढे उभा राहीन.

तर सूत आजच लावा, मामीला दुसरं टोक धरायला सांगा, आणि बोटं किती बसली ते कळवा. गादी मात्र रविवार उलटून सोमवारीच उचला.